दोन मोत्यं, सत्तावीस मोहरा आणि खुर्दा

पानिपतावर काय झालं याची खबर नानासाहेब पेशव्यांना लागली ती एका सावकारी चिठ्ठीतून. 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही.' मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि उरलेले सगळे खुर्दा. चिठ्ठी वाटेत कोणाच्या हाती लागली तरी कळू नये म्हणून ही व्यापाऱ्याची भाषा वापरली होती, त्यामुळे लिहिणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण १७६१ नंतर इतकी वर्षं लोटली तरी युद्धाची बातमी आपण साधारण याच हिशेबाने वाचतो. वर दोन-चार नावं, खाली आकडा, आणि आकड्याला चिकटलेलं 'हून अधिक'.

त्याच लढाईबद्दल दुसरंही एक वाक्य मराठीत आहे, 'सव्वा लाख बांगडी फुटली'. आकडा खराखोटा कसाही असो, हे मोजणारा माणूस रणांगणावर उभा नाही, तो घराघरांतून फिरून आला आहे. आणि फौजेबरोबर गेलेले यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी? ते आपल्या इतिहासात 'बुणगे' म्हणून येतात, तेही त्यांनी फौजेचा वेग कमी केला या तक्रारीपुरते. त्यांतले हजारो मारले गेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले, हे मागाहून जोडलेलं वाक्य. नागरिक म्हणजे युद्धातली अडगळ, ही समजूत आपल्याकडे बरीच जुनी आहे.

लांबच्या माणसाला युद्ध का भिडत नाही, हा एक प्रश्न. आणि भिडत नसेल तरी त्याच्यावर काही जबाबदारी येते का, हा दुसरा. चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे दोन्ही एकमेकांत कालवले जातात. आधी पोटात तुटलं पाहिजे, मग हात खिशाकडे जाणार, असा क्रम आपण लावून ठेवला आहे. मग पोटात तुटत नाही म्हणून कोणी स्वतःला बोल लावतो, कोणी दुसऱ्याला 'लोकांच्या संवेदनाच मेल्यात' असं सुनावतो. मला हा क्रमच कच्चा वाटतो. पण आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण त्यावर बरंच काम झालेलं आहे.

२००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांकडून एक किरकोळ प्रश्नावली भरून घेतली, त्याचे ५ डॉलर हातात दिले आणि विचारलं, यातले काही आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी देणार का? एका गटाला मालीतल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिच्याबद्दल चार ओळी दिल्या. दुसऱ्याला लाखो भुकेल्यांचे आकडे. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकड्यांसाठी १.१४. इथवरचा अंदाज कोणीही बांधला असता. तिसऱ्या गटाला रोकियाचा फोटोही दिला आणि आकडेही दिले. साध्या हिशेबाने देणगी वाढायला हवी होती. ती १.४३ वर आली. आकडे शेजारी येऊन बसले आणि रोकिया त्या गर्दीत दिसेनाशी झाली.

स्लोविक याला मनाचं बधिर होणं म्हणतात. आपलं मन एका माणसाच्या दुःखापुरतंच घडलेलं आहे. माणसं वाढत जातात तसा कळवळा वाढत नाही, उलट पातळ होतो. त्यात हतबलतेची भर पडते. ज्यांना आपण काहीच मदत करू शकत नाही त्यांची नुसती आठवण करून दिली, तरी ज्याला मदत करता येईल त्याच्यासाठीचा हातही आखडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. 'माझ्या शंभर रुपयांनी काय होणार आहे!' हे वाक्य आपल्याला चिकटपणाचं वाटतं. बरेचदा ते हताश माणसाचं असतं.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर यांनी आणखी एक फरक दाखवला आहे. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं अंगावर घेणं वेगळं आणि त्या माणसाबद्दल माया वाटणं वेगळं. मेंदूत या दोन्हींच्या जागा निरनिराळ्या आहेत. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःच इतका घाबरागुबरा होतो की सुटका करून घ्यायला बघतो. म्हणून ढिगाऱ्याखालचं मूल दिसल्याबरोबर चॅनल बदलणारी आजी निष्ठुर असेलच असं नाही. तिला सोसवत नाही, इतकंच.

बरं, एखाद्या चेहऱ्याने जागं झालेलं मन टिकतं तरी किती? २ सप्टेंबर २०१५ ला आलान कुर्दी या सीरियन मुलाचा मृतदेह तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडला. तो फोटो जगभर गेला. एका अभ्यासानुसार स्वीडनच्या रेड क्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्या पुढच्या आठवड्यात शंभर पटींहून जास्त झाल्या. पाच-सहा आठवड्यांत तो ओघ आटला. सीरियातलं युद्ध फोटोच्या आधी साडेचार वर्षं चालू होतं, नंतर असद सरकार पडेपर्यंत, म्हणजे डिसेंबर २०२४ पर्यंत, चालूच राहिलं. पण त्याच अभ्यासात एक बारीक नोंद आहे आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. त्या दिवसांत दरमहा ठरावीक रक्कम देण्यासाठी नाव नोंदवणारे दहापट झाले, आणि पुढे त्यांच्यातलं जवळजवळ कोणीही गळलं नाही. त्यांचेही अश्रू इतरांइतक्याच दिवसांत सुकले असणार. बँकेला दिलेली सूचना मात्र चालू राहिली.

आता आपल्याकडचं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यांत पुण्यातली दोन होती. तेव्हा शहर खरोखर हललं. पंधरा दिवसांनी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्या हलण्याचं बघता बघता सामना बघण्यात रूपांतर झालं. रात्री उशिरा आमच्या जिन्यात एका काकांनी विचारलं, "काय हो, कराची गेलं ना?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मघाशी टीव्हीवर गेलं म्हणत होते, आता काही बोलत नाहीयेत त्याबद्दल." कराची जागच्या जागी होतं. बातम्यांमागे सायरन इतका वाजत होता की १० मे ला सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं, हा आवाज असा वापरू नका, लोकांचे कान सरावले तर खरा सायरन झाला तरी कोणी हलणार नाही.

त्याच दिवसांत सीमेवरच्या पूंछमध्ये तोफमाऱ्यात डझनाहून जास्त नागरिक गेले, त्यांत मुलं होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पूंछचं नाव आलेलं मला आठवत नाही. आयपीएल आठवड्यासाठी थांबवली, तेव्हा मात्र ग्रुप पेटला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. युद्धाचं त्यांच्या घरी आलेलं ते पहिलं बिल होतं.

हे बिलाचं प्रकरण महत्त्वाचं आहे. १९६२ मध्ये संरक्षण निधीला बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. १९७१ मध्ये खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. त्या पिढीचं काळीज आपल्यापेक्षा मोठं होतं असं समजायचं कारण नाही, पण युद्धाची झळ त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होती. आज ती ठरावीक पत्त्यांवरच पोचते. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आजही तिथे घरटी कोणी ना कोणी फौजेत असतो आणि गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. कोथरूड-बाणेरच्या एखाद्या दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत अशी किती घरं निघतात, विचारून बघा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजायची आपल्याला सवय आहे, पण पुण्यापुरतं बोलायचं तर ते माप चालत नाही. लष्कराचं दक्षिण मुख्यालय इथे, एनडीए इथे. जखमी सैनिकांना हाताला काम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीत आली, कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग निकामी झालेले सैनिक तिथे राहतात. सगळेच गोळी लागून आलेले नसतात. कोणाचा ट्रक सीमेवरच्या रस्त्यावरून दरीत गेलेला असतो, कोणी कड्यावरून पडलेला असतो.

व्हीलचेअरवरच्या अशा माणसाशी थोडा वेळ गप्पा मारल्या की एक गोष्ट लक्षात येते. बोलता बोलता तो दोन्ही हातांवर जोर देऊन अंग सीटवरून उचलतो, काही सेकंद तसाच अधांतरी राहतो आणि पुन्हा टेकतो. बोलणं थांबत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बधिर भागाला दाब कळत नाही. एकाच जागी बसून राहिलं की तिथला रक्तपुरवठा अडतो, कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते, आणि तिच्यातला संसर्ग रक्तात उतरला तर जीवही जाऊ शकतो. दुखतच नाही, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. रात्री दर दोनेक तासांनी कूस बदलायची असते. हात चालत नसतील तर दुसऱ्या कोणीतरी बदलून द्यायची. कारगिलचं युद्ध २६ जुलै १९९९ ला संपलं असं आपण म्हणतो. त्यात कणा मोडलेल्या माणसाची कूस आज रात्रीही बदलावी लागणार आहे.

खडकीला आता मेट्रोही थांबते. गाझा किंवा कीव्हच्या बातम्यांवर तावातावाने बोलणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण तिथे कधी उतरलेले नाहीत. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांत या माणसाने पुण्यात नोकरी केली, संसार केला. त्यांचं नाव माहीत असलेला पुणेकर त्या काळात औषधालाही सापडला नसता.

आता दुसरा प्रश्न, जबाबदारीचा. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्या नोव्हेंबरात पीटर सिंगर हा तरुण तत्त्वज्ञ याच निर्वासितांवर एक निबंध लिहीत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की स्वतःचं फारसं न गमावता एखादं मोठं संकट टाळता येत असेल तर ते टाळलं पाहिजे, आणि संकटातला माणूस दहा पावलांवर आहे की हजारो मैलांवर, याने काही फरक पडत नाही. तत्त्वज्ञांमध्ये या निबंधावर अजून वाद चालतात. आपल्या टपाल खात्याने मात्र त्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. बहुतेक टपालावर ५ पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट सक्तीचं केलं. नवीन तिकीट छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून ती चालवली. पुण्यातला कारकून नागपूरच्या मावशीला पत्र टाकताना ते तिकीट लावत होता. त्याला बंगालबद्दल काय वाटतं, तो काल रडला का, हे खिडकीवर कोणी विचारत नव्हतं.

मला जबाबदारीची ही टपाली व्याख्या पटते. भावना येते-जाते, तिच्यावर कामाचा भार टाकू नये.

'पण युद्ध काय मी लावलं का?' हा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी महायुद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, यावर व्याख्यानं दिली, योगायोगाने हायडेलबर्गलाच. बायको ज्यू म्हणून नाझींनी त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा नव्हती. त्यांनी दोषाचे चार प्रकार वेगळे केले. कायदा मोडणाऱ्याचा गुन्हा, तो कोर्ट ठरवेल. नागरिक म्हणून आपल्या सरकारच्या कृत्यांची राजकीय जबाबदारी, ती सगळ्यांवर येते, मत कोणालाही दिलेलं असो. वैयक्तिक नैतिक चूक, ती आपल्या मनाने तपासायची. आणि चौथा, आपल्या देखत अन्याय झाला आणि आपण जिवंत राहिलो, याचा माणूस म्हणून वाटणारा भार. हे चारही एका पोत्यात भरले की गोंधळ होतो. पुण्यातला माणूस सुदानमधल्या युद्धाचा गुन्हेगार नाही. तेवढ्याने त्याचा संबंध संपतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

आणि संबंध तर आपल्या शहराचा आहेच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तोफा, स्फोटकं, त्यांवरचं संशोधन यांवर पुण्यातली हजारो घरं चालतात. देशाच्या रक्षणाला ते लागतं, त्यात लाज वाटायचं काही नाही. पण 'युद्धाशी आमचा काय संबंध' हे वाक्य निदान या शहराच्या तोंडी शोभत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, भर घालू नये. पहलगामनंतर देशात काही ठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना धमकावल्याच्या, खोली सोडायला लावल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात याच्या नेमकं उलट काम वर्षानुवर्षं चालू आहे. संजय नहार यांच्या 'सरहद' संस्थेने काश्मीरमधल्या हिंसाचारात होरपळलेल्या मुलांना इथे आणून शिकवलं. अधिक कदम या आपल्याकडच्या कार्यकर्त्याने २००२ मध्ये थेट काश्मीरमधल्या कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घर उघडलं. सगळ्यांना कुपवाड्याला जाता येणार नाही. भाड्याने खोली देताना आडनाव ऐकून 'कळवतो' न म्हणणं कोणालाही जमेल. सुदान, येमेन, अफगाणिस्तान इथून शिकायला आलेली मुलं या शहरात आहेत. घरी परतायची सोय नाही, व्हिसाची मुदत संपत आलेली, घरून पैसे येणं बंद. त्यांना तुमचं युद्धावरचं मत नको असतं. त्यांना जास्तीचं डिपॉझिट न मागणारा घरमालक हवा असतो.

पैशांबद्दल थोडक्यात. एकच युद्ध किंवा एकच संस्था निवडा, तिचे हिशेब बघा आणि दरमहा झेपेल तेवढं लावून द्या, दिवाळीच्या फराळापेक्षा कमी असलं तरी चालेल. जुने कपडे पाठवू नका. ते निवडणं, साठवणं, नेणं यातच मदत करणाऱ्यांचे हात अडकतात आणि शेवटी ढिगारे पडून राहतात. आणि ज्या दिवशी काही वाटणार नाही त्या दिवशी अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही सामना बघितलात म्हणून पूंछमधल्या कोणाचं काही बिघडत नाही.

जवळच्यांसाठी ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून आहे. त्याचा निधी युद्धविधवा, जखमी जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांकडे जातो, आणि प्राप्तिकरात सूटही मिळू शकते. पण आपल्याकडे तो कचेरीत उद्दिष्ट पुरं करण्याचा दिवस होऊन बसला आहे. साहेब पावती पुढे करतात, आपण कशाची आहे हे न वाचता पैसे देतो. वर्गणीला पुणेकर मागे हटत नाही, घोरपडीचं युद्धस्मारक लोकवर्गणीतूनच उभं राहिलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आपण कमी पडतो ते जिवंत माणसांच्या बाबतीत.

याचा नमुना म्हणजे सत्कार. १५ ऑगस्टला सोसायटीत किंवा हॉलमध्ये व्हीलचेअरवरच्या एखाद्या माजी सैनिकाला बोलावतात, आणि स्टेजला पायऱ्या असतात. मग चार कार्यकर्ते त्याला खुर्चीसकट उचलतात, खालून टाळ्या पडतात, फोटो निघतो, शाल-श्रीफळ होतं आणि पुन्हा उचलून खाली. ज्याने रायफल घेऊन डोंगर चढले त्याला पोत्यासारखं उचलताना आपल्याला भरून येतं, त्याला काय वाटतं हे कोणी विचारत नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती त्यांना वापरता येतील अशा करा, असं सांगतो. रॅम्पचं गणितही सोपं आहे, एक इंच उंचीला बारा इंच उतार. सोसायटीच्या दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लागतात. त्यात दुचाक्यांच्या काही जागा जातील आणि वार्षिक सभेत 'आपल्याकडे कोण येतंय व्हीलचेअरवर?' असा प्रश्न हमखास निघेल. येत का नाही, हे तिथेच सांगायचं आणि ठराव मताला टाकायचा.